तिरकी बैठक

मित्रांनो, मी मलेशियातल्या केलांतानच्या किनाऱ्यावरच्या एका घरातली जुनी खवणी. घरची म्हातारी मेक नाब, तिच्या सासऱ्यांनी फणसाच्या लाकडातून मला घोड्यासारखं घडवलं आणि तोंडात लोखंडी दात बसवले. हल्ली बाजारात यंत्रावर खवलेलं खोबरं मिळतं. पण मेक नाब त्याला नाक मुरडते, म्हणून माझं बरं चाललंय.

माझ्यावर बसणाऱ्याचं दुखणं मला सगळ्यांआधी कळतं. मेक नाबची सून सलवानी पहिल्यापासून ऐसपैस बसायची. आठवा महिना लागला आणि ती एका बाजूला कलून टेकू लागली. अशी तिरकी बैठक या घरात मी पूर्वीही एकदा अनुभवली होती.

"बुडाला काटे फुटलेत का गं?" मेक नाब टोमणा मारी. "आम्ही कळा येईस्तोवर भात कांडला!"

"काही नाही आई, पायाला मुंग्या आल्यात."

साफ खोटं! सासूची पाठ वळली की ती पोटावर हात ठेवून पुटपुटे, "बाळा, शौचाला बसलं की काचेनं चिरल्यासारखं होतं रे. म्हणून मी जेवतच नाही, पाणीही पीत नाही. तुला कशी ढकलू बाहेर?"

माझा जीव टांगणीला लागला. तोंडभर दात असून मला बोलता येईना. बाळ तिच्याबरोबर उपाशी राहत होतं.

एका सकाळी ती उठली आणि माझ्या पाठीवर लाल डाग राहिला. मेक नाबच्या हातातली करवंटी पडली.

"अगं बाई! बाळाचं रक्त!"

"बाळाचं नाही, आई! मागचं आहे," सलवानी तोंड लपवून रडू लागली.

मेक नाब ऐकेना. तिनं शेजाऱ्याला पिटाळून नर्स रोकियाला आणवलं. आतलं दार लागलं. मी बाहेर, पाठीवर तो डाग घेऊन. मेक नाब दाराला कान लावून उभी होती.

"बाळ ठणठणीत आहे," दार उघडत रोकिया म्हणाली. "मागे चीर पडलीय. कितीतरी गरोदर बायकांना होतं, लाजेपायी बोलत नाहीत. मलम देते. रोज कोमट पाण्याच्या टबात बसायचं. पोटभर जेवायचं, भरपूर पाणी, भाजी, पिकलेली पपई."

"पपई? गरोदर बाईला?"

"कच्ची नको. पिकलेलीला काय धाड भरलीय? फळं तुम्हीच बंद केलीत ना?"

"पण जोर लावताना…" सलवानी आतून म्हणाली.

"ती बाळाची वाट नव्हे, पोरी. आणि जोर कधी लावायचा, कधी नुसती फुंकर मारायची, ते मी रोज शिकवीन."

दुसऱ्या दिवशी मेक नाबनं माझी पाठ पुसली आणि स्वतः बसली. पालेभाजीवर घालायला नारळ खवता खवता पडद्याआडच्या टबाकडे बघून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मीही अशीच तिरकी बसायचे गं. कुणी विचारलं नाही."

खरं होतं ते. मला आठवतंय.

महिन्याभरानं सलवानी दवाखान्यातून मुलगी घेऊन आली. सगळे बाळाभोवती जमले. मेक नाबनं मात्र आधी सुनेचा हात धरला.

"नीट बसता येतंय का गं?"

मित्रांनो, मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. पण घरात कुणी तिरकं बसलं, तर टोमणा मारण्याआधी एवढं विचारा.