दवाखान्यात गेलेली आजी

चार वर्षांच्या ठकीने आईचा डावा बूट कपडे धुण्याच्या मशीनमध्ये लपवला, तेव्हा सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यातून आईचं ओळखपत्र निघालं. मग किल्ल्या, घड्याळ, चष्मा. घरातल्या वस्तूंना जणू पाय फुटले आणि हळूहळू कुणाला हसू येईना.

ठकीची आई एका मोठ्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात नर्स होती. ठकी झाल्यावर घरी राहिलेली ती नुकतीच पुन्हा कामावर जाऊ लागली होती. त्या शुक्रवारी तिला तिसऱ्यांदा उशीर झाला.

"माझी पर्स कुठंय?"

ठकीने तोंडाला कुलूप लावलं. आईचा हात उठला, पाठीत धपाटा बसला. ठकी रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं आईला दिवसभर सलत राहिलं.

दुपारी वॉर्डात एक मुलगी इंजेक्शन बघून लाथा झाडायला लागली. आई नेहमीसारखी तिच्या खाटेजवळ उकिडवी बसली. "आधी मला सांग, भीती कुठे बसलीय?" मुलीने पोटावर हात ठेवला. "मोठी आहे?" "खूप." "मग माझा हात घट्ट धर." मुलगी शांत झाली आणि आईच्या मनात आलं, लोकांच्या लेकरांना मी रोज विचारते. घरच्या पोरीला मात्र धपाटा.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ठकीशेजारी जमिनीवर बसली.

"मी तुला मारलं, ते चुकलं माझं. मी कामाला निघाले की तुला कुठे दुखतं का गं?"

ठकीने बराच विचार केला. मग गळ्याला हात लावला. "इथे. गोळा येतो."

"कशाचा गोळा?"

"तू दवाखान्यात जातेस ना. आजी पण गेली होती. पर्स घेऊन."

सासूबाईंना जाऊन सात महिने झाले होते. ठकीला शेवटचं ठाऊक होतं ते एवढंच, की आजी दवाखान्यात आहे. पुढचं कुणी सांगितलंच नव्हतं.

ठकीचे बाबा वायरमन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात उजेड पाडून ते आले, तेव्हा आईने त्यांना बाजूला घेतलं.

"एवढ्याशा जिवाला काय सांगायचं?" ते म्हणाले. "विसरेल ती."

"विसरली नाही हो. तिला वाटतंय, मीपण परत येणार नाही."

बाबांनी ठकीला हाक मारली. मग तिघंही पलंगावर दाटीवाटीने बसली आणि आईने साध्या शब्दांत सांगितलं, "आजी खूप आजारी होती. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण तिचं शरीर बंद पडलं. आजी मेली, बाळा. ती आता येणार नाही."

"तिला भूक लागली तर?"

"आता तिला भूक लागत नाही. दुखतही नाही."

एकदम उसळून ठकीने बाबांच्या गुडघ्यावर मुठी आपटल्या. "मला सांगितलंच नाही! मी वाट बघत होते!"

"राग आलाय ना?" बाबा म्हणाले. त्यांनी तिचे हात धरले नाहीत. "येणारच. आम्ही सांगायला हवं होतं." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. ठकीने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मुठी थांबल्या.

"बाबा, तुला पण राग आलाय?"

"नाही गं. मला माझ्या आईची आठवण येतेय."

"मला पण," ठकी म्हणाली आणि सात महिन्यांचं साठलेलं सगळं भोकाड पसरून बाहेर आलं.

रविवारी आईने तिला दवाखान्यात नेलं. दरवाज्यासमोरच्या बाकावर बसून दोघींनी बाहेर पडणारी माणसं पाहिली. कुणाच्या हाताला प्लास्टर, कुणाच्या कुशीत नवं बाळ.

"हे सगळे घरी चालले?"

"हो. बहुतेक सगळे जातात. आणि मी तर इथे कामाला येते, आजारी म्हणून नाही."

सोमवारी सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या. ठकी मात्र आईच्या पायाला गोचिडासारखी चिकटली. "मला भीती वाटतेय. थोडा राग पण येतोय."

"किती वाजता येणार मी?"

"मोठा काटा वर, छोटा पाचवर."

"बरोबर. तोवर रडू आलं तर रड."

ती रडलीच, पण बाबांच्या कडेवर. पुढचे पंधरा दिवस रोज, मग एक दिवसाआड. आईला त्या सोमवारीही उशीर झाला आणि मेट्रनबाईंची बोलणी तिने मुकाट्याने ऐकून घेतली.