लिफ्टले बांधलेलं तोरण

आमच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. उत्तमराव माहं नाव. एसटीच्या अमरावती डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होतो. माह्या हातची गाडी रस्त्यात बंद पडली, असं कोणी सांगावं, मी मिशी काढून देतो. पोरगं म्हणते, "बाबा, रिटायर झाले, पण तोरा काही उतरला नाई." काहून उतरंल?

राजापेठेकडची आमची बिल्डिंग चाळीस वर्षं जुनी, आणि लिफ्टही तेवढीच. जाळीचे दोन दरवाजे, एक मजल्याचा, एक लिफ्टचा. हातानं ओढून लावायचे. यातला कोणताही दरवाजा दोन बोटं उघडा राहिला तर लिफ्ट हालत नाई, आणि चालता चालता उघडला तर जागीच थांबते. लोक तिले शिव्या देतात. मी देऊ देत नाई. खांडेनवमीले, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, डेपोत आमी पाने, जॅक, गाड्या, सगळ्याइची पूजा करत होतो. ती सवय काही जात नाई. आता मी लिफ्टची पूजा करतो. हळद-कुंकू, नारळ आणि झेंडूचं लांबलचक तोरण. यंदाही केली.

पाचव्या मजल्यावर पाठकबाई राहतात. चारुशीला पाठक, शहात्तर वर्षांच्या, शाळेत गणित शिकवत होत्या. त्याइचे यजमान मोरोपंत वकील होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. तवापासून बाई खाली उतरल्याच नाईत. गुडघे गेलेले, त्यामुळं जिना जमत नाई, आणि लिफ्टमंधी पाय ठेवत नाईत. भाजी वर, दूध वर, डॉक्टर वर. लोक म्हणत, बाईचं डोकं फिरलं. मी म्हणे, फिरू द्या ना बाप्पा, तुमच्या बापाचं काय जाते?

पण अकोल्याले त्याइची मोठी बहीण आहे, एक्क्याण्णव वर्षांची, अंथरुणाले खिळलेली. दसऱ्याले एकमेकींच्या हातात आपट्याचं सोनं द्यायचं, हा दोघींचा जन्माचा नेम. मागचे दोन दसरे चुकले. यंदा बहिणीनं फोनवर सांगतलं, "चारू, पुढच्या दसऱ्यापर्यंत मी काही राहत नाही." बाईनं मले बोलावून घेतलं. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "उत्तमराव, तुम्ही सोबत असाल तर मी उतरेन. यंदा नाही उतरले तर ताई मला परत दिसायची नाही."

मी छाती फुगवून म्हणलं, "बाई, डोळे मिटून चला."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाले निघालो. बाईची भाची अदिती खाली गाडी घेऊन उभी होती. बाईनं पर्समंधी आपट्याची पानं जपून ठेवली होती. मी दोन्ही दरवाजे लावले, बटण दाबलं. बाईनं खरोखरच डोळे मिटले. चौथा मजला गेला, आणि खर्रकन आवाज आला. लिफ्टनं खाली हिसका खाल्ला, आमी दोघंही पत्र्यावर आदळलो, आणि ती थांबली. समोर नुसती भिंत, काळं ग्रीस लागलेल्या उघड्या विटा. डोक्याच्या वर चौथ्या मजल्याचा वीतभर उजेड.

बाई ओरडल्या नाईत. दोन्ही हातानं माह्या दंडाले धरलं, नखं रुतेपर्यंत.

मी काय केलं? मी चिडलो. मले भेव वाटलं का मी चिडतो, आमच्या घरी सगळ्याइले माहीत आहे. "कोणं दार उघडलं बे? कुंदन, कुठं मेला?" कुंदन म्हणजे आमचा वॉचमन. तो जिन्यावरून म्हणे, "काका, सगळे दारं लागून आहेत." मी म्हणलं, खोटं बोलू नको. चौथ्या मजल्यावरच्या कुलदीपच्या पोट्ट्याइले शिव्या दिल्या, त्याच्या बायकोले दिल्या, तिसऱ्यावरच्या भाडेकरूले दिल्या. मग म्हणलं, लिफ्टवाल्याले फोन लाव.

"लावला काका. तो म्हणते सण आहे, चार वाजतील."

ते बाईनं ऐकलं. "उत्तमराव, मला श्वास घेता येत नाहीये," त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. माहा सदराही घामानं ओला झाला होता, खोटं कशाले बोलू. बसखाली मी हजारदा झोपलो, पण तिथं जॅक मी लावलेला राहे. इथं वर काय धरून आहे, हे मले माहीत नव्हतं.

"बाई, बोलत राहा. मोरोपंतांचं काही सांगा," मी म्हणलं.

त्या थांबून थांबून बोलल्या. "लोकांना वाटतं, हे गेले म्हणून मला भीती बसली. तसं नाही हो. मला या लिफ्टची पहिल्या दिवसापासून भीती आहे. तीस वर्षं, जाता-येता, यांनी माझा हात धरलेला असायचा. दार उघडायच्या आधी सोडायचे, कुणाला कळू नये म्हणून. मी शाळेतली कडक बाई ना. आता हात धरायला कोण आहे?"

बाईकडे पाहवेना, म्हणून मी दरवाज्याकडे तोंड फिरवलं. आणि मले ते दिसलं.

माहं तोरण. ते मी नायलॉनच्या दोरीत ओवलं होतं आणि बसच्या टपावर सामान बांधतो तसे तीन वेढे घालून आतल्या दरवाज्याले आवळलं होतं. दोरीचं उरलेलं टोक कापायचा कंटाळा केला, जाळीतून बाहेर सोडून दिलं. ते टोक चौथ्या मजल्याच्या कडीत अडकलं होतं. लिफ्ट खाली आली तसा दोरीनं दरवाजा ओढून दोन बोटं उघडला होता.

साऱ्या बिल्डिंगले शिव्या देऊन झाल्या होत्या. वाटलं, चुपचाप दोरी कापावी, कोणाले काय कळते. पण बाईनं माह्या भरवशावर पाय ठेवला होता. लाज वाटली. जिन्यावर ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणलं, "बाई, चूक कोणाचीच नाई, माही आहे. हे तोरण मी बांधलं."

बाईनं डोळे उघडले. दोरीकडे निरखून पाहिलं. वाटलं, आता बोलतील.

"गाठ मात्र पक्की आहे," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून घराची किल्ली काढून दिली. "हिला दाते आहेत बघा."

मी किल्लीनं दोरी घासत बसलो. बाई बाजूले उभ्या राहून एकेक धागा मोजत होत्या. "चार तुटले. अजून तीन आहेत." श्वास कधी जागेवर आला, त्याइलेही समजलं नाई. शेवटचा धागा तुटला, तसा मी दरवाजा ओढून लावला.

"तिसऱ्यावर उतरू," मी म्हणलं. "खुर्चीत बसवून पोट्टे तुमाले घरी नेतील."

"घरी कशाला? ताई अकोल्यात आहे." आणि बाईनं स्वतःच्या हातानं खालचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी रात्री त्याइचा फोन आला. "सोनं दिलं. ताईनं ओळखलं, माझा हात सोडेना. उद्या पाचला येते, खाली उभे राहा."

आता राहिलेलं सांगतो. त्या दिवसापासून मी जिन्यानं जाऊन-येऊन करत होतो. घरी सांगतलं, डॉक्टरनं व्यायाम सांगतला. पाचले बाई गाडीतून उतरल्या, तसा मी म्हणलं, "कुंदन येते तुमच्यासोबत. मले जरा काम आहे."

पस्तीस वर्षं पोट्ट्याइच्या थापा ऐकलेली बाई ती. माह्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "भीती वाटते?"

कुंदन बाजूले उभा होता, तरी हो म्हणलं.

बाईनं हात पुढं केला. मी धरला. लिफ्ट वर निघाली. माहं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पण तिथं उतरलो नाई. पाचव्यावर पोचल्यावर बाई म्हणाल्या, "उद्या दहाला या. खाली जायचं आहे."

"कुठं जायचं आहे?" मी इचारलं.

"कुठं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं खाली."