लाल दिव्यातली भिंत

नाट्यगृहात तिला सगळे दिवेवाली म्हणत. कोणत्या प्रकाशात नटाचं वय लपतं, कोणत्या प्रकाशात पडद्यावरचा डाग नाहीसा होतो, हे ती डोळे मिटून सांगू शकायची. त्यामुळे बाबांनी फोन करून "मला एक दिवा निवडून दे," असं म्हटलं तेव्हा तिला जरा गंमतच वाटली. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत बाबांनी आपणहून केलेला हा पहिलाच फोन होता.

दिवा हवा होता माशांच्या टाकीसाठी. आई गेल्यापासून बाबांना वेळ जाता जात नव्हता, म्हणून ते माशांना दिवसातून चार-चारदा खायला घालत होते. व्हायचं तेच झालं. पाणी हिरवट झालं, काचा बुळबुळीत झाल्या, दोन मासे गेले. मासे विकणाऱ्या दुकानदाराने उपाय सांगितला होता. शेवाळ टाकीत वाढायला नको असेल तर त्याला टाकीबाहेर जास्त चांगली जागा करून द्यायची. टाकीवर एक डबा बसवायचा, त्यात भरतकामाची प्लास्टिकची जाळी उभी टांगायची, पंपाने पाणी वर चढवून जाळीवरून सतत ओघळत ठेवायचं आणि जाळीवर दिवसभर कडक उजेड पाडायचा. शेवाळ तिथेच माजतं, पाण्यातली घाण खातं, आणि आठवड्याने जाळी खरवडली की काम झालं.

बाबांनी सगळा जन्म नळदुरुस्तीत घालवलेला. तिने रविवारी दुपारी येऊन पाहिलं तर काम नजर लागावी असं झालं होतं. पाइपाला पाडलेली चीर इतकी सरळ होती की पाण्याचा पदर जाळीवरून इस्त्री केल्यासारखा उतरत होता. शेवाळाला धरून बसता यावं म्हणून जाळी करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी खडबडीत केली होती. राहिला होता तो फक्त दिवा.

टेबलावर चार दिवे मांडले होते. तीन उघडे, चौथा जुन्या पंच्यात गुंडाळलेला. तो कसला, असं तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले की आधी हे तीन बघ, तो राहू दे शेवटी.

तिने पडदे ओढून खोली अंधारी केली आणि कामाला लागली. पहिला घरातलाच पिवळसर दिवा. त्याची ऊब छान, पण जाळीवर पोचणारा उजेड बेताचाच. असल्या उजेडात हिरवं शेवाळ धरत नाही, तपकिरी साय धरते, असं दुकानदारही म्हणाला होता. दुसरा पांढरा झगझगीत, अंगणात लावतात तसला. तो चालला असता, पण पाच मिनिटांत इतका तापला की डब्याचं प्लास्टिक मऊ पडायला लागलं. तिसरा कुंड्यांतल्या रोपांसाठीचा, जांभळा. तो लावल्यावर बाबांचा चेहरा पाण्यातून काढल्यासारखा दिसला आणि तिने तो पटकन बंद केला. शेवाळाला गडद लाल रंगच सगळ्यांत मानवतो हे तिने येण्याआधी वाचलं होतं. चौथा दिवा लाल असणार हे तिने ओळखलं होतं. तो बाबा मागे का ठेवतायत, हे मात्र तिला कळत नव्हतं.

तिने पंचा सोडला आणि दिवा लावला.

खोलीचा रंगच गेला. मासे काळे झाले, पाणी काळं झालं. पंपाचा आवाज तोच होता, पण आता तो शेजारच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखा यायला लागला. उजेड जाळीतून आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी पडला होता. बराचसा उजेड वाया जातोय, डब्याला आतून चकचकीत कागद लावायला हवा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

भिंतीवर रेघा होत्या.

बोटभर लांबीच्या, काळ्या, आडव्या रेघा. कमरेच्या जरा वरपासून सुरू होऊन एकावर एक चढत गेलेल्या. प्रत्येक रेघेशेजारी बारीक आकडा. सगळ्यांत खाली सात, वर आठ, नऊ, दहा. चौदा आणि पंधराच्या मध्ये चांगलं पाच बोटांचं अंतर. एकोणिसाच्या पुढे रेघा वर जायच्या थांबल्या होत्या, त्याच उंचीवर शेजारी शेजारी बसत गेल्या होत्या. एकवीस, बावीस, तेवीस.

तिने दिवा बंद करून पडदा सरकवला. भिंत फिकट निळी, कोरी. हात फिरवला तर काही लागलं नाही. पुन्हा लाल दिवा लावला, रेघा पुन्हा उभ्या.

असं का होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पांढऱ्या उजेडात जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन निळे रंग लाल उजेडात एकमेकांना ओळखही देत नाहीत. एक उजळतो, दुसरा काळा पडतो. हा खेळ ती रोज करत होती. पण कारण माहीत असून तिच्या मानेवरचा काटा काही जाईना, कारण आकडे आईच्या हातचे होते, आणि त्या घरात सातावर थांबलेलं एकच माणूस होतं.

धाकटा भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी लहान. सातवा वाढदिवस झाल्यावर महिन्याभरात तापाने तीन दिवसांत गेला. तो गेल्यावर बाबांनी ही भिंत रंगवली होती, कारण दोघा भावंडांच्या उंचीच्या खुणा तिच्यावर होत्या आणि त्या त्यांना बघवत नव्हत्या. आई तेव्हा काही बोलली नव्हती. रंग वाळल्यावर तिने त्याच रंगाची पेन्सिल शोधून आणली असणार, आणि त्याला पुन्हा सातापासून वाढवायला घेतलं असणार.

"तुलाही दिसतंय ना?" बाबांनी विचारलं.

ती हो म्हणाली. बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की तो पंपाच्या आवाजावरही ऐकू आला. दिवा त्यांनी महिन्याभरापूर्वीच आणला होता, लावला होता, आणि पंच्यात गुंडाळून ठेवला होता. आपलं डोकं फिरलंय की काय, अशी त्यांना धास्ती बसली होती.

मग ते खुर्चीत बसून सावकाश बोलत राहिले. समोरच्या शिंप्याचा मुलगा धाकट्याच्याच वर्गात होता. आई त्याला काहीबाही निमित्त काढून घरी बोलवायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं करून बोलत राहायची. आईला तो मुलगा आवडतो असंच सगळ्यांना वाटत आलं होतं. लेकीलाही तसंच वाटायचं, आणि तिचा त्या पोरावर रागही होता. आई त्याची उंची डोळ्यांनी मोजून घेत होती, हे बाबांना आता रेघा बघून उमगलं होतं. शिंप्याचा मुलगा कधीचा मोठा होऊन निघून गेला होता, पण तो त्या दाराच्या कडीपर्यंत कधी पोचला, हे बाबांना आठवत होतं, आणि त्या वर्षीची रेघ कडीच्या दोन बोटं वर होती.

"धाकटा त्याच्याहून दोन बोटं उंचच होता," बाबा म्हणाले. "ती विसरली नव्हती."

ती शेवटच्या रेघांजवळ गेली. तीस, एकतीस, बत्तीस. आणि त्यापुढे, जरा वाकडी, तेहतीस.

धाकट्याला तेहतीस वर्षं गेल्या महिन्यात पूर्ण झाली असती. आई त्याआधीच गेली होती.

ती बाबांकडे वळली नाही. वळून विचारावं आणि त्यांनी नाही म्हणावं, एवढं तिच्यात बळ नव्हतं. बाबाच म्हणाले, "ती माझी आहे. पेन्सिल तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली. तारीख आली, आणि त्याला तसाच बत्तिसावर ठेवून झोपायला जाववेना. उंची नाही वाढवली मी. आता कुठली वाढणार."

मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती बोलून दाखवू नये असं वाटत असतानाच तिने बोलून दाखवली. जुन्या भिंतीवर दोघांच्या खुणा होत्या. नव्या भिंतीवर तिची एकही नव्हती. ती दहाव्या वर्षीच थांबली होती.

बाबा उठले, तिला खांद्याला धरून भिंतीशी उभं केलं, टाचा टेकव म्हणाले आणि तळहात आडवा करून तिच्या डोक्यावर ठेवला. नळाच्या कामाने राठ झालेला तो हात तिच्या केसांवर जरा जास्तच वेळ राहिला. रेघ मारून ते बाजूला झाले. तिने वळून पाहिलं. शेजारी तेहतीस चार बोटं वर होतं. तिच्या आठवणीत तो कायम तिच्या खांद्याखाली होता, आणि आता त्याच्याकडे पाहायला तिला हनुवटी वर करावी लागत होती.

दिवा लालच ठरला. तिने तो तारेने डब्याला पक्का केला, आतून चकचकीत कागद लावला, आणि भिंतीकडच्या बाजूला आली तेव्हा तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर पाण्यात ठेवली. तिने त्या बाजूला हातभर फट मोकळी सोडली. शेवाळाच्या हिशोबाने ते चूक होतं.

तरी शेवाळ आलं. दहाव्या दिवशी जाळीवर हिरवी लव दिसली, तिसऱ्या आठवड्यात मूठभर निघालं. पाणी निवळलं, राहिलेले मासे खायला वर येऊ लागले. बाबांनी खायला घालणं चारदाचं एकदावर आणलं. आता ती दर रविवारी येते, दोघं मिळून जाळी खरवडतात आणि पूर्वी कधी बोलली नाहीत इतकं बोलतात. बहुतेक वेळ धाकट्याबद्दल, आणि तेही तो आता असता तर काय करत असता, अशा सुरात.

फक्त स्वयंपाकघरात जाताना दोघंही अंग चोरून जातात. दार चांगलं रुंद आहे. पण भिंतीच्या बाजूने एका उंच माणसाला उभं राहायला पुरेल एवढी जागा सोडूनच दोघं आत-बाहेर करतात, आणि हे कधी सुरू झालं ते दोघांनाही सांगता यायचं नाही.