चिंधूची रजा, शेठचा फोन

"माणूस म्हणजे यंत्र नव्हे!" धनेशशेठनी जाहीर केलं. पूर्णा गावच्या त्यांच्या गोडाऊनमधले बारा हमाल आणि एक कुत्रं ऐकत होतं. आदल्याच दिवशी शेठ ठाण्याच्या एका हॉटेलात, जेवणासकट, भाषण ऐकून आले होते. थकलेला कामगार ओळखा, त्याला विश्रांती द्या, असं तिथल्या टायवाल्यानं सांगितलं होतं.

"थकलेला कोण हाय? हात वर करा!"

चिंधूनं हात वर केला नाही. त्याच्या दोन्ही हातांवर मिक्सरचे खोके होते.

गोडाऊन चिंधूच सांभाळायचा. चौदा महिने त्याला रजा नव्हती. गुन्हा एवढाच, की कुठल्या मालाची थप्पी कुठं लावलीय हे त्याला तोंडपाठ होतं. "चिंधू असताना वही कशाला?" हे शेठचं लाडकं वाक्य. पहिल्यांदा ते ऐकून चिंधूची छाती फुगली होती. आताशा ऐकलं की पाठ दुखायची. त्याला एकच हवं होतं. दोन दिवस गणेशपुरीच्या कुंडात, गरम पाण्यात, कुणी हाक न मारता बसायचं. खोके खाली ठेवून त्यानं तसं सांगितलं.

"मंजूर! चिंधूभाऊ, दोन दिवस गोडाऊन विसरायचं." शेठनी कौतुकानं त्याच्या खिशात एक मोबाईल सरकवला. "फक्त हा चालू ठेव."

कुंडात चिंधू गळ्यापर्यंत बुडाला. डोळे मिटले. वरच्या पायरीवर मोबाईल धरून बसलेली त्याची बायको, रंगूबाई, ओरडली, "वाजतोय!"

चिंधू निथळत वर आला. गोडाऊनमधून कुणाल हमाल विचारत होता, "दादा, टेबलफॅन कुठं हायत?"

"कुकरच्या मागं."

"कुकर कुठं हायत?"

पुन्हा पाण्यात, पुन्हा वर. दुपारपर्यंत नऊ वेळा. कुंडातले म्हातारे वाट करून देऊन कंटाळले.

"तुमी पान्यात आलाव का टेलिफोन ऑफिसात?" रंगूबाई कडाडली. "बंद करा त्यो डबा!"

"कसा बंद करतात ते शेठनी न्हाय शिकवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आपणहून मेला. चार्जर द्यायला शेठ विसरले होते. दुपारपर्यंत, चौदा महिन्यांत पहिल्यांदा, चिंधूची पाठ सैल पडली, आणि नेमके तेव्हाच खुद्द धनेशशेठ पायऱ्या उतरून आले. केस विस्कटलेले, शर्टाला थर्माकोलचे कण.

"चिंधू! फोन का बंद? दोन ट्रक उभे हायत, माल कुणाला सापडत न्हाय, सकाळपासून मीच खोके उपसतोय! कंबर पार..." बोलता बोलता शेठनी पाय पाण्यात सोडले. थांबले. मग शर्ट काढला, गळ्यापर्यंत आत गेले, आणि त्यांच्या तोंडून एक लांबलचक "आऽऽऽ" निघाला.

"चिंधूभाऊ," ते डोळे मिटून म्हणाले, "टायवाला खरं बोलला. माणूस म्हणजे यंत्र नव्हे."

कळलं एकदाचं, असं चिंधूला वाटलं. "न्हाय ना, शेठ?"

"न्हाय. एका सकाळीत मोडलो मी. दोन दिवस इथंच पडतो. तू जा, वर जीप उभी हाय. ट्रक भरून दे."

चिंधू उठला. पायरीवरचा टॉवेल उचलला. चौदा महिने घशाशी आलेलं आज बोलूनच टाकायचं, म्हणून वळला.

"शेठ..."

"हां, बरं झालं थांबलास." शेठनी त्याच्याकडे पाठ केली. "जायच्या आधी जरा पाठ चोळून दे."