क्रेनवाल्या बाईंची शिकाऊ स्टिक

मी स्टिक बोलतेय. हॉकीची नव्हे, मारामारीच्या व्हिडिओ गेमची. एक चपटा डबा, त्यावर डावीकडे गोल मुठीचा दांडा आणि उजवीकडे आठ बटणं, एवढाच माझा संसार. दुकानात माझ्या खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. वरच्या फळीवरच्या वजनदार, काळ्याकुळकुळीत बहिणी त्यावरून मला येता-जाता टोमणे मारायच्या. मीही काही कमी नव्हते, पण छापलेलं खोडणार कसं?

एके दिवशी एक बाई आल्या. हातमोजे कमरेला खोचलेले, चेहऱ्यावर घाईचं नाव नाही. कारखान्यात क्रेन चालवायच्या. छताजवळच्या केबिनमध्ये बसून टनावारी लोखंड इकडचं तिकडे करायच्या. दुकानदाराने आधी महागड्या बहिणींचे गोडवे गायले. बाईंनी एकेकीचा दांडा हलवून पाहिला आणि विचारलं, "ही किती टन उचलते?" दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग मात्र तो सरळ बोलला: ताई, पहिलीच घेताय तर साधी घ्या, मांडीवर ठेवून बघा घसरते का, आणि बटणं पुढे बदलता येतात का, तेवढं विचारा. मी त्यांच्या मांडीवर बसले ती तसूभर हलले नाही. तेवढ्यावर माझं नशीब उघडलं.

घरी आल्यावर कळलं, प्रकरण गंभीर आहे. बाईंच्या लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि रविवारी ती निघणार होती. लेक या गेममध्ये पटाईत. तिकडे गेल्यावरही आपण रोज इंटरनेटवरून खेळू, असं आईने म्हटलं, तर बयेने ऐकवलं की तुझ्याशी खेळणं म्हणजे भिंतीशी खेळणं. जायच्या आत एकदा हरवून दाखव, मग रोज खेळेन. बाईंना पुढचे फोन आत्ताच ऐकू येत होते: जेवलीस का, जेवले, ठेवते. म्हणून त्यांना जिंकायचं होतं, आणि लेकीच्या हातात धरून खेळायच्या चिमुकल्या पॅडवर त्यांचे अंगठे काही केल्या चालत नव्हते.

माझ्यावर हात छान बसला. पण खोड आडवी आली. क्रेन हलवायच्या आधी भोंगा द्यायचा, हा नियम बावीस वर्षांत त्यांच्या हाडात मुरलेला. त्यामुळे दांडा हलवण्याआधी त्या पहिलं बटण दाबणारच. पडद्यावर त्यांचा पैलवान हवेत एक फुसका ठोसा मारायचा आणि मग पुढे सरकायचा. आगाऊ सूचना देऊन लढणारा इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही. लेक हसून हसून बेजार झाली. सूचना मिळाली की ती आरामात बाजूला व्हायची आणि आईला लोळवायची.

शनिवार संध्याकाळपर्यंत बाई बेचाळीस वेळा हरल्या. त्रेचाळिसाव्या डावात लेकीचा पैलवान एकाएकी मंदावला आणि मुकाट मार खात उभा राहिला. बाईंनी माझ्यावरचा हात काढून घेतला.

"मला दया नको. नीट खेळ."

"अगं, हरशील ना."

"हरेन. पण खरीखुरी हरेन."

लेक नीट खेळली आणि बाई खऱ्याखुऱ्या हरल्या. रविवारी लेक गेली. बाईंनी मला फडक्याने पुसलं, वायर गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिलं. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता लेकीचा फोन आला. नव्या ऑफिसात जो तो तिलाच शिकवायला बघत होता, ओळखीचं कुणी नव्हतं. "आई, ये ना हरायला," ती म्हणाली. "मला हरवल्याशिवाय तुझी सुटका नाही, सांगून ठेवते." बाईंनी मला इतक्या घाईने खाली ओढलं की वायर कपाटाच्या कडीत अडकली.

त्याला आता आठ महिने झाले. माझी मूठ गुळगुळीत झालीय, दोन बटणं बदलून झाली, बुडाचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय. पण सातला आम्ही हजर. लेक खेळता खेळता साहेबांची, घरमालकिणीची, करपलेल्या भाजीची गाऱ्हाणी सांगते. बाई ऐकतात, सल्ले देतात आणि हरतात. लेक म्हणते, तुला या जन्मात काही जमायचं नाही.

एक गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. बाई केव्हाच तयार झाल्यात. गेले दोन महिने लेकीचा पैलवान रोज शेवटच्या एका ठोशावर येऊन ठेपतो. बाईंचं बोट बटणावर टेकतं, त्याचा भार मला जाणवतो. मग त्या हळूच बोट उचलतात आणि विचारतात, "हं, मग काय म्हणाले साहेब?"

मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. त्यांच्या लेकीला यातलं काही कळू देऊ नका.