'अ' संपायच्या आत

आमचे मालक निजामाच्या राजात उर्दू शिकले. कचेरीत असा कागद लिहायचे की वाचणारा मान डोलवायचा. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आन् पुढं कचेरीची भाषा मराठी झाली. मला वाटलं, चला, सुटले बिचारे, घरातलीच भाषा कचेरीत गेली. कसलं काय! कचेरीतली मराठी आमच्या घरची निघालीच नाय. ह्यांनी लिहिलेल्या कागदावर साहेब लाल रेघा मारून परत धाडायचा, सगळी कचेरी दात काढायची. घरी आल्यावर माणसाला घास गोड लागायचा नाय.

शेवटी ह्यांनी गुलमंडीच्या बाजारातून शब्दकोश आणला. उशीएवढा जाड. देवळीतल्या गणपतीला म्हणाले, जरा सरक, आन् तिथं कोशाला बसवलं. तिथून आमच्या पडेगावच्या घराची दशा सुरू झाली. कोशात ज्या शब्दापुढं फारसी नायतर अरबी लिहिलेलं, तो घरातून बाद. जमीन म्हणायचं नाय, भूमी म्हणायचं. मी साबण मागितला तर ह्यांना ऐकूच यायचं नाय. भिंतीपलीकडची मुनिरा माझी जिवाभावाची. ती म्हणाली, "साळूभाभी, इतने लफ्ज निकाल दिये, अब घर में बोलते क्या?"

म्हटलं, "मुक्यानं राहतो बाई. निदान शुद्ध तरी राहतो."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या आशाला कुणा काकासाहेबांच्या मुलाचं स्थळ आलं. माणसं आमच्यातलीच, मूळची हर्सूलची, पण दोन पिढ्या पुण्यात राहिलेली आन् आता बदली होऊन इकडं आलेली. पोरगा चांगल्या नोकरीत. त्यांचा निरोप आला, मुलगी सावळी असली तरी चालेल, भाषा स्वच्छ पाहिजे. जशी काय भाषा म्हणजे घासायचं पातेलं!

मालकांनी लगेच कोश खाली काढला. दुसरा कुणी असता तर पोरीला चार कामाचे शब्द शिकवून मोकळा झाला असता. पण हे कचेरीतले. ह्यांना पहिल्या पानापासूनच सुरुवात पाहिजे.

"मधूनच कुठून तरी घ्या की," मी म्हटलं.

"मधूनच कसं? कामाला पद्धत असती," हे म्हणाले.

मग काय, रोज सांजच्याला पोरगी पाठ करायला बसायची. पाव्हणे यायचा दिवस उजाडला तरी 'अ' काय संपला नाय. आन् त्या 'अ'मध्ये सगळा नन्नाचा पाढा. अशक्य, अयोग्य, अनुचित, अनावश्यक! आशाची जीभ लहानपणापासून चुरूचुरू. हीच पोरगी आता 'भूक लागली' म्हणायच्या आधी थांबायची, बापाच्या तोंडाकडं बघायची. माझं काळीज तुटायचं.

माझ्यासाठी मालकांनी वेगळी सोय केली. "तुझा घसा बसलाय म्हणून सांगतो. तू तोंड उघडलं की सोयरीक गेलीच समज."

"आन् लग्न झाल्यावर?"

"पुढचं पुढं बघू."

मी बरं म्हटलं. लेकीचं भलं होतंय तर एक दिवस मुकी राहायला काय जातंय?

काकासाहेब आले, त्यांची बायको आली, पोरगा आला. मी पोहे करून दिले आन् पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसले.

काकासाहेबांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

आशा म्हणाली, "अवश्य."

"शिक्षण किती झालं?"

"अपूर्ण."

"शिवणकाम वगैरे?"

"अल्पस्वल्प."

काकासाहेब खूश! "वा! किती मोजकं, किती शुद्ध! नाहीतर आजकालच्या मुली नुसत्या बडबडत असतात." मालकांची छाती फुगली. पोरगा बिचारा आपला बशीत बघत होता, त्याला कुणी काय विचारतच नव्हतं.

तेवढ्यात काकासाहेबांच्या बायकोला मिरचीचा ठसका लागला. बाई लालेलाल झाली, डोळ्यांतून पाणी. आता अशा वक्ताला मी गप्प बसणार व्हय?

"अगं बया, ठसका लागला की गं! आशे, बघत काय बसली, तांब्या आण आधी! वर बघा ताई, वर बघा!"

बाईचा ठसका थांबला आन् मग सगळेच थांबले. मालकांचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं.

"ह्यांचा घसा तर खणखणीत आहे," काकासाहेब म्हणाले. मालक काय तरी त त प प करायला लागले. काकासाहेबांनी हातानंच थांबवलं आन् लई मोठ्या मनानं हसले. "असू द्या, लक्षात आलं. मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त लग्न पुण्याला करू. तिथे आमची मोठमोठी मंडळी येतील, तेव्हा ह्यांचा घसा बसलेलाच असू द्या. पुढेही ह्यांनी आमच्याकडे येण्याचे कष्ट घेऊ नयेत. आशाच येईल वर्षाकाठी भेटायला."

"व्हय, व्हय, चालंल की," मालक म्हणाले. घाईत कोशबिश सगळा विसरले.

मीबी मान हलवली. लेकीचं सोनं होत होतं ना!

आशानं तांब्या खाली ठेवला. "अमान्य," म्हणाली.

काकासाहेबांना वाटलं परीक्षाच चाललीय. कौतुकानं म्हणाले, "काय अमान्य, बाळ?"

"ही सोयरीक. माझ्या आईच्या हातचं खायला चालतं, आन् तिचं बोलणं तेवढं चालत नाय व्हय? उठा आता, लई झालं."

पाव्हणे उठले. पोरानं जाता जाता मला वाकून नमस्कार केला, काकासाहेबांनी मागं वळूनबी बघितलं नाय. मालक उंबऱ्यावर बसून राहिले.

मी कंबर कसली. असलं चालून आलेलं स्थळ घालवलं कार्टीनं, आता हिची चांगली खरडपट्टी काढते म्हटलं. आशा समोर येऊन बसली आन् तिनं माझे दोन्ही हात धरले.

"दे शिव्या, आई. लई दिवस झाले, तू मला पोटभर बोलली नाय."

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आन् मला रडूच फुटलं.