आप्पांचा ‘दि’

कुणाचं लग्न हुंड्यावरून मोडतं, कुणाचं आहेरावरून. माझं एका ‘अ’वरून मोडायला निघालं होतं.

निजामाचं राज्य होतं. नळदुर्गात पोरं उर्दूतून शिकत आणि मल्लिकार्जुन मास्तर त्यांना इंग्रजी शिकवत. कुणी ‘अ’च्या जागी ‘दि’ लिहिला की त्यांचं जेवणावरून मन उडायचं. अशा माणसाशी माझं जमलं होतं आणि, लाज कशाची, मला ते फार आवडले होते. इंग्रजीत लग्नपत्रिका काढायची टूम त्यांचीच. सोलापुरात छापून आणली आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, हौसेनं अर्थ सांगायला बसले. मी दाराआड.

“सिद्रामप्पा, अ मर्चंट ऑफ नळदुर्ग. म्हंजे नळदुर्गातले एक व्यापारी.”

“एक?” आप्पांची सुपारी तोंडातच राहिली. “आन खाली हे ‘दि’ कशापायी?”

“पत्ता हाय, मामा. ‘नियर दि कस्टम्स नाका’. नाका गावात एकच, समद्यांना ठावा, म्हणून त्याला ‘दि’. भुसार व्यापारी काय, बक्कळ हायत.”

खरं बोलायलाही वेळकाळ असते, हे मास्तरांना कुणी शिकवलंच नव्हतं. ब्रिटिश हद्दीतल्या सोलापूरकडून माल आणला की आप्पांना त्या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. नाक्याचं नाव काढलं तरी ते भडकत.

“आमची पोती उसवणाऱ्या नाक्याला मान, आन पोरगी देणारा म्या कुणीतरी एक? मला ‘दि’ लावा!”

“मामा, ते चुकीचं हुतंय.”

“मग लगीन बी न्हाय.”

रुसायचा मान खरं तर वरबापाचा. इथं वधूपिताच भिंतीकडं तोंड करून बसला. आई काकुळतीला आली, “एवढुसं अक्षर, लावा की!” पण मास्तरांचा हात काही टाकाकडं जाईना. शेवटी ते उठले आणि चपला शोधू लागले. मी येरमाळ्याच्या येडाईला खण-नारळ बोलले.

निघताना त्यांनी दाराकडं पाहिलं. मी लपले नाही. डोळे पुसायचंही मला सुचलं नाही. ते तसेच माघारी आले आणि त्यांनी टाक-दौत मागितली.

प्रत्येक पत्रिकेवर छापील ‘अ’ खोडून ते ‘दि’ लिहीत आणि दाढ दुखल्यासारखं कण्हत. आप्पांची कळी खुलली. “आता मेव्हण्याला बी लावा. आन त्या आचाऱ्याला!” सगळ्या गणगोताला ‘दि’ लागला. मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

लग्नाला शाळा तपासणारे साहेब आले. पत्रिका वाचून ते मांडवात गडगडून हसले. “मास्टर, सही छपा था, ये ग़लत किसने लिखा?”

वाजंत्री थांबली. आप्पांचा चेहरा उतरला. आता आपली शोभा होणार, हे त्यांना इंग्रजी न येताही कळलं.

मास्तर बाशिंग सावरत उभे राहिले. “मी लिहिलं, साहेब. आणि ते बरोबर आहे.”

‘बरोबर’ म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला. मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस खोटं बोलला, तेही माझ्या बापाची लाज राखायला, एवढं मला पक्कं कळलं. मी भरमांडवात खळखळून हसले. नवरीनं असं हसू नये म्हणून आईनं चिमटा काढला, तरी हसू आवरेना.